माधुरी पुरंदरे यांची चित्रशैली आणि नंदुरबार जिल्ह्यातील बालवाचक

प्रस्तावना :
मराठी बालसाहित्यात चित्राकडे दीर्घकाळ मजकुराची सजावट म्हणून पाहिले गेले. या दृष्टीला छेद देणाऱ्यांमध्ये माधुरी पुरंदरे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात आणि पॅरिस येथे कलाशिक्षण घेतलेल्या पुरंदरे यांना 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या चित्रशैलीचे शैक्षणिक मोल येथे विचारात घेतले आहे.

चित्रशैलीची वैशिष्ट्ये :
लेखन व चित्रण एकाच हातचे असल्याने ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ मालिकेसारख्या पुस्तकांत शब्द आणि चित्र परस्परांची पुनरुक्ती करीत नाहीत. शब्दांनी जे सांगितलेले नसते, ते चित्रातील चेहरा, बसण्याची ढब किंवा घरातील एखादी वस्तू सांगते. त्यांची माणसे आदर्श सौंदर्याचे नमुने नसून रोजच्या पाहण्यातील आहेत. ‘बाबांच्या मिश्या’मध्ये वडिलांच्या मिशांसारखा साधा विषयही मुलीच्या कुतूहलामुळे पुस्तकाचे केंद्र बनतो. लिपी न येणारे मूलही अशी चित्रे निरखून त्यांतून अर्थ लावू शकते.

नंदुरबारच्या संदर्भात :
1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. धडगाव परिसरातील पावरी किंवा नवापूरकडील मावची बोलणाऱ्या मुलास पहिलीच्या पुस्तकातील प्रमाण मराठी बरीचशी परकी असते. अशा वेळी त्याचे मौन अज्ञान समजले जाण्याचा धोका असतो. चित्र समोर ठेवून ‘येथे काय चालले आहे?’ असे विचारले आणि उत्तर बोलीतच स्वीकारले, तर तेच मूल बोलू लागते. त्याच्या वाक्याला शिक्षकाने मराठी प्रतिशब्द जोडावेत. अशा रीतीने बोलीकडून प्रमाणभाषेकडे जाणारी वाट तयार होते.

मर्यादा व समारोप :
पुरंदरे यांच्या अनेक पुस्तकांतील घर मात्र शहरी, मध्यमवर्गीय आहे. सातपुड्यातील मुलाला त्यात कुडाच्या भिंती, मोहाचे झाड किंवा होळीचा मेळ दिसत नाही. त्यामुळे ही पुस्तके वर्गात आणणे ही केवळ सुरुवात ठरते. जवळच्या जगाकडे बारकाईने पाहण्याची त्यांची दृष्टी घेऊन येथील घर, शेत व बाजार चित्रांत उतरणे आवश्यक आहे. पुस्तकात स्वतःचे अंगण दिसले, तर मुलास पुस्तक आपले वाटेल.