आपल्या रानातली अंकलिपी



बियाणे घेताना आपण पिशवीवरचे चित्र पाहून पैसे मोजत नाही. उगवण कशी आहे, वाण आपल्या जमिनीला मानवेल का, हे चारदा विचारतो. मग लेकरासाठी बाजारातून अंकलिपी आणताना मात्र रंगीत मुखपृष्ठ पाहूनच का आणतो?

तासगाव तालुक्यात एकदा द्राक्षबाग पाहायला गेलो होतो. चहा होईपर्यंत घरातले पाच वर्षांचे पोर अंकलिपी घेऊन आले आणि ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत एका दमात म्हणून मोकळे झाले. आजी कौतुकाने म्हणाली, “बघा साहेब, समदं पाठ हाय.” मी सहज चित्रावर हात ठेवला आणि नुसत्या अक्षराकडे बोट करून विचारले, “हे काय रे?” पोर गप्प. मग त्याने माझा हात बाजूला सारला आणि खालचे चित्र पाहून झटकन उत्तर दिले.

त्याला चित्रे पाठ होती, अक्षरे नव्हेत. यात त्याचा दोष नाही. पण असे पोर पहिलीत जाते, तिथे फळ्यावर नुसते अक्षर येते आणि ते अडखळते. घरात कोणीतरी म्हणून जाते, “ह्याच्या डोक्यात काही शिरत नाही.” हा शिक्का एकदा बसला की पुसायला वर्षे लागतात. म्हणून हा लेख.

अंकलिपीतला ‘अ’ बहुधा अननसाचा असतो. जत-आटपाडीकडच्या किती घरांत अननस येतो? ‘औ’ औताचा आणि ‘ऐ’ ऐरणीचा. या वस्तू गावातल्याच, पण ट्रॅक्टर आल्यापासून पुष्कळ पोरांनी त्याही पाहिलेल्या नाहीत. चित्र अनोळखी असले की लेकराला दोन गोष्टी घोकाव्या लागतात, वस्तूचे नावही आणि अक्षरही. चित्र ओळखीचे असेल तर निम्मे ओझे उतरते.

हे शहाणपण जुने आहे. कोमेनियस नावाच्या शिक्षकाचे मुलांसाठीचे चित्रमय पुस्तक १६५८ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला छापले गेले. त्यात अक्षरांची ओळख पशुपक्ष्यांच्या आवाजांवरून करून दिली होती. कावळा कसा ओरडतो, कोकरू कसे बेंबाटते, त्यावरून अक्षर. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा खडे, पाने, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंनाच शिक्षणाचे साहित्य बनवले.

आता यमकाचे काम पाहा. मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ या अक्षरांनी शब्द सुरू होत नाहीत. म्हणून अंकलिपीत ‘ण’ बाणाचा येतो आणि लेकरू विचारात पडते, की बाण तर ‘ब’ने सुरू होतो! यमकात अक्षर शेवटी येते आणि कानाला स्वच्छ ऐकू येते:

आजोबांच्या हाती गोफण,
शाळवाची चालली राखण.

बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ,
मागं चालतो नांगराचा फाळ.

वैरण, दावण, शेण. गूळ, मूळ, केळ. ‘ण’ आणि ‘ळ’ आपल्या गोठ्यात अन् रानात भरपूर सापडतात. ज्या अक्षरांनी शब्द सुरू होतो, त्यांचीही अशीच जोडणी करता येते:

शाळू उभा शेतात,
शेंगा माझ्या हातात.

हळद लागली हाताला,
हसू आलं आत्याला.

यात माझी विद्वत्ता काही नाही. जात्यावर बसून ओव्या रचणाऱ्या आपल्या आज्यांना यमक शिकवावे लागत नाही. आजीला वाचता येत नसले तरी जोडणी आजीने करावी, अक्षर शाळेत जाणाऱ्या ताईने लिहावे आणि चित्र त्या लेकराने काढावे. घरात असे पुस्तक झाले की ते फाटेपर्यंत वाचले जाते.

करायचे कसे? द्राक्षाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा किंवा जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू घ्या. औषधाच्या, खताच्या खोक्याचा पुठ्ठा मात्र चुकूनही घेऊ नका. लेकरू पुस्तक तोंडात घालते. एका पानावर एकच अक्षर, हाताच्या पंजाएवढे मोठे. चित्र अक्षराच्या खाली काढा, म्हणजे ते हाताने झाकून विचारता येईल. यमक दोन ओळींपेक्षा मोठे नको.

सगळी अक्षरे एकदम शिकवू नका. ग, म, भ, न यांपासून सुरुवात करण्याची शाळेतली रीत चांगली आहे, कारण त्यांची वळणे मिळतीजुळती आहेत. ग, म, न आणि र एवढी चारच अक्षरे आली तरी गरम, नरम, नगर, मगर हे शब्द वाचता येतात. पहिला शब्द स्वतः वाचला की लेकराचा हुरूप वाढतो. घ-ध, भ-म, थ-य या जोड्यांत गोंधळ होतो. तिथे जोडीतले एक अक्षर पक्के झाल्यावरच दुसरे घ्या. ‘च’चे उच्चार दोन आहेत. ‘चार’ म्हणताना एक, ‘चारा’ म्हणताना दुसरा. दोन्ही मोठ्याने म्हणून दाखवा. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांची घाई करू नका.

विकतची अंकलिपी घ्यायची तर दुकानातच चार पाने उलटून पाहा. चित्रे लेकराच्या ओळखीची आहेत का? अक्षर ठळक आहे का? २००९ सालच्या शासन निर्णयाने वर्णमालेत आलेले ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर त्यात आहेत का?

कधी महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणे झाले तर भिलारला थांबा. स्ट्रॉबेरी पिकवणारे हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झाले आहे. तिथे घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत, लहान मुलांचीही आहेत. लेकराला बरोबर न्या आणि हवे ते पुस्तक त्याला स्वतः उचलू द्या.

त्या तासगावच्या घरी मी पुन्हा गेलो, तेव्हा पोराने पुठ्ठ्याचे पुस्तक पुढे केले. पानावर ‘ग’ होता, खाली त्यांच्याच गाईचे चित्र होते. गाईला पाय पाच काढले होते. मी हात ठेवायच्या आत पोराने स्वतःच चित्र झाकले आणि म्हणाले, “आता विचारा.”

आज रात्री जेवणे उरकली की तुम्हीही एक पान करा. पुठ्ठा घरातच आहे, आजीही घरातच आहे.