मोटरबोटीतील घटमालेचे विद्युत् भारण
मोटरबोटीतील घटमालेचे विद्युत् भारण : सहल, क्रीडा किंवा बचावकार्यासाठी वापरण्यात येणाऱ्या लहान मोटरबोटीतील संचायक घटमाला एंजिनावरील जनित्राच्या साहाय्याने पुनःपुन्हा भारित करण्याची क्रिया व तीत उद्भवणाऱ्या दोषांचे निदान. बोटीत बहुधा १२ व्होल्टची शिसे-अम्ल घटमाला असते. रस्त्यात बंद पडलेली मोटारगाडी ढकलता येते; जलाशयाच्या मध्यावर एंजिन सुरू न झाल्यास मात्र बोट वारा व प्रवाह यांच्या स्वाधीन होते.

बोटीच्या पाठीमागे बाहेरून बसविलेल्या आउटबोर्ड एंजिनात प्रचक्राच्या आतील चुंबक स्थिर वेटोळ्यांभोवती फिरतात आणि त्यांत प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो. एकदिशकारक त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो व नियामक विद्युत् दाब मर्यादेत ठेवतो. बोटीच्या आत बसविलेल्या एंजिनात पट्ट्याने फिरणारे स्वतंत्र जनित्र असते.

पुष्कळ तक्रारींत खरे पाहता दोष नसतोच. एंजिन सुरू करताना १५० अँपिअर प्रवाह ४ सेकंद घेतला, तरी खर्च अवघा ०·१७ अँपिअर-तास होतो. दिवे, खोलीमापक, पाणी उपसण्याचा पंप व ध्वनियंत्र यांनी मिळून ६ अँपिअर प्रवाह चार तास घेतल्यास मात्र २४ अँपिअर-तास खर्ची पडतात. मंद गतीत लहान आउटबोर्ड एंजिनाकडून २ अँपिअर मिळत असतील, तर त्याच वेळात जमा केवळ ८ अँपिअर-तास होते. हा हिशेब न मांडता नवी घटमाला विकत घेणे व्यर्थ होय.

निदानाचा आरंभ घटमालेपासून करावा. ती काही तास विश्रांत ठेवल्यावर अग्रांमधील दाब सुमारे १२·६ व्होल्ट असल्यास ती पूर्ण भारित, १२·२ व्होल्ट असल्यास साधारण निम्मी भारित समजतात. सहा घटांपैकी एकाच घटातील विद्रावाचे विशिष्ट गुरुत्व इतरांहून बरेच कमी आढळले, तर तो घट बहुधा निकामी झालेला असतो. त्यानंतर एंजिन मध्यम गतीने चालवून दाब पुन्हा मोजावा. तो १३·८ ते १४·४ व्होल्टपर्यंत चढला पाहिजे. तो १५ व्होल्टच्या आसपास जात असल्यास नियामक बिघडलेला असून घटांतील पाणी उकळल्यासारखे बुडबुडत आटते. दाब मुळीच चढत नसल्यास एकदिशकारकाच्या बाहेरील टोकाशी मोजणी करावी. तेथे योग्य दाब मिळाला, तर दोष मधल्या मार्गात, म्हणजे वितळतार, निवडकळ, तार किंवा ऋण जोडणी यांत असतो. न मिळाल्यास वेटोळी, एकदिशकारक अथवा पट्टा तपासावा. धन मार्गाच्या दोन टोकांमध्ये भारणाच्या वेळी अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक पडणे हे सैल किंवा गंजलेल्या सांध्याचे लक्षण होय. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे हा दोष फार आढळतो. तारेवरील आवरण शाबूत असूनही आतील तांबे हिरवे पडलेले असते.

दोन घटमाला असलेल्या बोटीत निवडकळ कायम ‘दोन्ही’ या स्थानी ठेवल्यास दोन्ही एकदम रिकाम्या होतात. चालू एंजिनात ती ‘बंद’ स्थानावरून फिरविणे त्याहून घातक असते, कारण जनित्रावरील भार अचानक सुटून दाब उसळतो व एकदिशकारक जळतो.

मराठवाड्यात प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. जळकोट परिसराला जवळचे मोठे जलाशय म्हणजे मन्याड नदीवरील लिंबोटी व गोदावरीवरील विष्णुपुरी. पाणी गोडे असल्याने गंज कमी. पण उन्हाळ्यात तापमान ४० से.च्या वर जाते आणि तापमानात दर १० अंश वाढीगणिक घटमालेचे आपोआप होणारे विसर्जन सुमारे दुप्पट होते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा अवर्षणात बोट महिनोन्‌महिने काठावर पडून राहते. अर्धवट रिकाम्या घटमालेच्या पट्टिकांवर मग शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक साचतात. अशी घटमाला भारकावर जोडताच दाब झटपट चढतो, त्यामुळे ती भरल्याचा भास होतो; भार देताच तो कोसळतो. या फसव्या चढाने अनुभवी यंत्रज्ञही चकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात पुराचे पाणी गावांत शिरून बचाव पथकांना पाचारण करावे लागले. अशा कामासाठी राखीव असलेल्या बोटीची घटमाला दरमहा भारित करणे व भार देऊन तपासणे आवश्यक असते. तीव्र उष्म्यात भारणाचा दाब २५ से.च्या मानाने दर अंशाला सुमारे ०·०२ ते ०·०३ व्होल्ट कमी ठेवतात. आटलेल्या घटांत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे, अम्ल नव्हे.

लिथियम-लोह-फॉस्फेट घटमाला वजनाला हलकी असते. परंतु तिचा अंतर्गत रोध अल्प असल्याने ती जनित्राकडून सतत कमाल प्रवाह खेचते व जुने जनित्र तापून जळू शकते. त्यासाठी प्रवाह मर्यादित करणारी योजना लागते.

भारणाच्या वेळी शिसे-अम्ल घटांतून स्फोटक हायड्रोजन बाहेर पडतो. बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफही साचत असल्यामुळे झाकणे उघडून हवा खेळती केल्यावरच जोडण्यांना हात लावतात. प्रथम ऋण अग्राची तार सोडतात व जोडताना ती शेवटी जोडतात.