खडतर वाटेच्या गाडीस कमानी कशा निवडाव्यात?

आम्ही घाऊक धान्याचे व्यापारी. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, यंत्रांशी आमचा संबंध काट्या-तराजूपुरताच. तरीही यंदाच्या स्मरणिकेत बाजारभावाऐवजी मोटारगाडीच्या कमानींविषयी लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, यास कारण आहे. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या दाराशी आता चारही चाकांस जोर देणाऱ्या गाड्या उभ्या असतात. आडवाटेच्या गावी माल पोचविण्यास त्या उपयोगी पडतात, आणि घरातील तरुण मंडळी त्यांच्या कमानी बदलण्याच्या खटपटीत असतात. या खटपटीत आम्ही एकदा चुकलो आहोत.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांत आमच्या गाडीतून धान्य जात असे. भरलेली गाडी मागून बसते आणि खड्ड्यात आपटते, म्हणून आम्ही मागील प्रत्येक पाट्यात दोन जाड पट्ट्या वाढवून घेतल्या. भरलेली गाडी ताठ उभी राहिली. आम्ही समाधानी झालो. पहिल्याच पावसाळ्यात, माल उतरवून परत येताना, जांबोटीच्या वाटेवरील एका वळणावर रिकाम्या गाडीचे मागील चाक उसळले आणि गाडी घसरून चरात गेली. पुतण्याच्या मनगटाचे हाड मोडले. वहिनींनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही, हेच आम्हांस अधिक लागले. कारागिराने आम्ही मागितले ते दिले होते; काय मागावे हेच आम्हांस ठाऊक नव्हते.

प्रथम कोणते काम कोणाचे, हे समजून घ्यावे. कमान, मग ती पाट्याची असो वा गुंडाळलेल्या तारेची, भार पेलते. शॉक अॅब्सॉर्बर भार पेलत नाही. कमान दबून उसळली की ती उसळी तो शमवितो. म्हणून बसलेली गाडी केवळ नवे शॉक अॅब्सॉर्बर घालून उठत नाही, आणि सतत डोलणारी गाडी केवळ ताठ कमानींनी स्थिर होत नाही. कमान ताठ केली, तर तिची वाढलेली उसळी आवरील असा शॉक अॅब्सॉर्बरही सोबत लागतो. आम्ही जुनेच ठेवले, ही आमची दुसरी चूक.

पहिली चूक हिशोबाची. समजा, एका बाजूचा पाटा ३० किलो भारास १ सेंटिमीटर दबतो. मागील धुऱ्यावर ५० किलोची ६ पोती, म्हणजे ३०० किलो ठेवले, तर प्रत्येक बाजूस १५० किलो येतात आणि गाडी ५ सेंटिमीटर खाली बसते. तोच पाटा दुप्पट ताठ केला तर ती अडीच सेंटिमीटरच बसेल. परंतु माल उतरल्यावर तो ताठ पाटा खड्ड्यात पुरेसा दबणार नाही, आणि चाक जमीन सोडून उडेल. शिवाय पट्टीची जाडी एक दशांश वाढविली की तिचा ताठरपणा सुमारे एक तृतीयांश वाढतो. गुंडाळीच्या तारेची जाडी तितकीच वाढविली तर जवळजवळ निम्म्याने वाढतो. डोळ्यांस किरकोळ दिसणारा फरक चाकास किरकोळ नसतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, आधी तोल करावा आणि मग कमान निवडावी. गाडी नेहमीच्या सामानासह, टाकी भरून, चालकास बसवून वजनकाट्यावर न्यावी. आधी केवळ पुढील चाके, मग संपूर्ण गाडी, मग केवळ मागील चाके काट्यावर घ्यावीत. काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन समपातळीत असावी. रिकामी आणि भरलेली, अशी दोन्ही वजने टिपावीत. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरील मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतरही मोजावे. या आकड्यांचा कागद कारागिराच्या हाती दिल्यास निम्मा वाद तेथेच मिटतो.

भार कायमचा असेल, जसे पुढील जड लोखंडी बंपर किंवा छतावरील कायमची चौकट, तर त्या धुऱ्यापुरती बेताने ताठ कमान योग्य. आमच्यासारखा भार जाताना असतो आणि येताना नसतो, तेथे मूळ पाटा तसाच ठेवून भार आल्यावरच टेकणारा साहाय्यक पाटा बरा. तार गुंडाळलेल्या कमानींत दबत जाईल तशी ताठ होणारी जातही मिळते. मारुती जिप्सीस चारही चाकांना पाटे होते. २०२० साली आलेल्या महिंद्र थारला चारही ठिकाणी गुंडाळ्या आहेत, तर तिच्या आधीच्या थारला मागे पाटे होते. तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीस शोभले ते आपल्या गाडीस चालेलच असे नाही.

लांब दगडाळ रस्त्यावर शॉक अॅब्सॉर्बरमधील तेल तापून फेसाळते आणि त्याचा जोर ओसरतो. अशा प्रवासासाठी तेल व वायू वेगळे राखणारा, एकेरी नळीचा प्रकार अधिक टिकाऊ ठरतो. पण तो महाग आहे, आणि बाजारापर्यंतच्या फेरीस त्याची गरज नाही.

गाडी उंच करण्याच्या हौसेविषयीही लिहिले पाहिजे. कमानींनी गाडीचा सांगाडा उंचावतो. परंतु अखंड धुरा असलेल्या गाडीत धुऱ्याच्या मधला गोळा, जो दगडावर आधी घासतो, तो होता तेथेच राहतो. तो केवळ मोठ्या टायरांनी उंचावतो. उलट गाडीचा भारमध्य वर जातो, वळणावर ती अधिक कलते, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात.

ताठ कमानींनी गाडीची भारमर्यादाही वाढत नाही, कारण धुरा, ब्रेक व सांगाडा तेच असतात. नोंदणीपत्रात लिहिलेले एकूण वजन हीच मर्यादा होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात ही बाब स्पष्ट केली आहे. म्हणून बदलापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

आणि हे सर्व करण्याआधी झिजलेले रबरी बुश, ढिले यू-बोल्ट, तेल गळणारे शॉक अॅब्सॉर्बर व टायरमधील हवा तपासावी. पुष्कळदा रोग तेथेच सापडतो आणि पैसे वाचतात.

आमच्या गाडीतील जाड पट्ट्या आम्ही काढल्या, साहाय्यक पाटा व जुळणारे शॉक अॅब्सॉर्बर घातले आणि दर फेरीस दोन पोती कमी भरू लागलो. नफा थोडा घटला. पुतण्या आता तीच गाडी त्याच वाटेने चालवितो. त्याचे मनगट मात्र पावसाळ्यात अजून ठणकते. पोते तोलल्यावाचून आपण कधी सौदा करीत नाही. ज्या गाडीत घरची मुले बसतात, तिच्याबाबत तरी तो नियम का मोडावा? सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.