तक्रारीची भाषा : परिसर-सुरक्षितता, गुन्ह्याची नोंद आणि विद्यार्थी-शिस्त

उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हाला

• तक्रार ही माहिती देणारी आणि त्याचबरोबर एक कृती घडवणारी भाषा आहे, हे स्पष्ट करता येईल.
• बोलीतील निवेदन लेखी मराठीत येताना कोणते बदल होतात, ते सांगता येईल.
• महाविद्यालयीन तक्रार, पोलीस ठाण्यातील फिर्याद आणि शिस्तभंगाची नोटीस यांतील फरक ओळखता येईल.
• स्पष्ट, नेमका आणि दखल घ्यावी लागेल असा तक्रार-अर्ज लिहिता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना अर्ज, निवेदन, इतिवृत्त, जाहिरात अशा अनेक लेखनप्रकारांची ओळख आपण करून घेतली आहे. त्यांपैकी तक्रार-अर्ज हा प्रकार सर्वांत सोपा वाटतो. प्रत्यक्षात एखाद्या विद्यार्थ्याची सुरक्षितता, कधी त्याचे संपूर्ण शिक्षणच, या एका पानावर अवलंबून असते.

नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर हे तालुके डोंगराळ व आदिवासीबहुल आहेत. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेच्या वेळी तो नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. गोंड, कोलाम, परधान, आंध या जमातींची वस्ती या परिसरात आहे. त्यांपैकी कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात होय. येथील अनेक मुले-मुली घराण्यातील पहिली पदवीधर होण्याच्या उमेदीने किनवटच्या, नांदेडच्या किंवा लातूरच्या महाविद्यालयांत प्रवेश घेतात व वसतिगृहांत राहतात. घर दूर, ओळखीचे कोणी नाही, आणि कार्यालयाची भाषा घरच्या भाषेहून निराळी. अशा वेळी काही अनुचित घडले, तर ते कोणाला, कोणत्या शब्दांत सांगायचे, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न असतो.

प्रस्तुत लेखकाने एका वसतिगृहात पाहिलेला प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. वरच्या वर्गातील मुलांनी मध्यरात्री उठवून नाचायला लावले, जातीवरून नावे ठेवली, असे एका नवख्या विद्यार्थ्याने तोंडी सांगितले. त्याला लिहिता येत होते. परंतु ‘कार्यालयीन भाषेत लिहावे लागते’ असे सांगून लिपिकाने अर्ज स्वतः लिहून दिला. त्यात वाक्य आले : ‘काल रात्री मुलांमध्ये किरकोळ वाद झाला.’ विद्यार्थ्याने खाली सही केली. अर्ज दप्तरी दाखल झाला, आणि त्यात चौकशी करण्यासारखे काही उरलेच नाही. लिपिकाचा हेतू वाईट होता असे नाही. त्याने बोलीचे ‘शुद्ध’ मराठीत रूपांतर केले, एवढेच. त्या रूपांतरात घटना मात्र हरवली.

२. तक्रार : एक भाषिक कृती

जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने दाखवून दिले, की काही विधाने केवळ वर्णन करत नाहीत, तर कृती घडवतात. ‘मी सभा तहकूब करतो’ असे अध्यक्षांनी म्हणताच सभा तहकूब होते. मात्र अशी कृती सफल होण्यासाठी योग्य व्यक्ती, योग्य स्थळ आणि योग्य पद्धती या अटी पूर्ण व्हाव्या लागतात. तक्रार ही अशीच कृती आहे. मित्राजवळ मन मोकळे केले तर ते दुःख-निवेदन होते. तेच मजकूररूपाने प्राचार्यांकडे देऊन आवक क्रमांकासह पोच घेतली, की ती तक्रार होते.

हा फरक कायद्यानेही मानला आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ नुसार विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांनी लेखी तक्रार केल्यास संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करावयाची असते. तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवावी लागते. तथ्य न आढळल्यास तसे तक्रारदाराला लेखी कळवावे लागते. संस्थाप्रमुखाने यात कसूर केली, तर त्याने अपराधाला साहाय्य केले असे मानले जाते. ही सारी साखळी ‘लेखी’ या एका शब्दापासून सुरू होते. कागद नसेल तर सात दिवसांची मोजणी सुरूच होत नाही.

या अधिनियमातील रॅगिंगची व्याख्याही लक्षपूर्वक वाचावी. चिडवणे, शिवीगाळ, धमकी, थट्टा, इजा, तसेच एरवी विद्यार्थी स्वखुशीने करणार नाही अशी कृती त्याला करायला सांगणे, हे सर्व तीत येते. ‘ओळख करून घेत होतो’, ‘जरा मस्करी केली’, ‘सीनियरचा मान असतो’ अशी सौम्य नावे देऊन प्रकार झाकला जातो. कायदा नाव पाहत नाही, कृती पाहतो. म्हणून तक्रारीतही नाव देण्याची घाई न करता कृती लिहावी. ‘माझे रॅगिंग झाले’ यापेक्षा ‘मला रात्री उठवून नाचायला लावले’ हे वाक्य अधिक बळकट आहे.

३. बोली आणि कागद यांतील अंतर

गोंडी व कोलामी या द्राविडी कुळातील भाषा आहेत, तर मराठी आर्य कुळातील. त्यांची लिंगव्यवस्था मराठीहून वेगळी आहे. मराठीत ‘तो, ती, ते’ अशी तीन लिंगे आहेत. गोंडी व कोलामीत एकवचनी पुरुषासाठी एक सर्वनाम असते, तर स्त्री आणि निर्जीव वस्तू या दोहोंसाठी दुसरे. त्यामुळे ही भाषा घरी बोलणारी मुलगी मराठीत निवेदन करताना ‘ती’ आणि ‘ते’ यांची गल्लत करू शकते. क्रियापदाचे रूपही चुकू शकते. ही तिच्या मातृभाषेच्या व्याकरणाची छाया होय. जबाब घेणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर तो ‘जबाबात विसंगती आहे’ असा शेरा मारून मोकळा होतो. व्याकरणाचा भेद हा खोटेपणाचा पुरावा ठरता कामा नये.

दुसरे अंतर शब्दसंग्रहाचे. फिर्याद, जबाब, अर्ज, इसम, सदर, नमूद हे शब्द फारसी-अरबी परंपरेतून आले आणि कचेरीच्या मराठीत रुळले. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता व तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. म्हणजे या भागातील सामान्य माणसाला कागदाची भाषा परकी वाटणे नवीन नाही. आदिलाबादच्या गोंडांनी तर त्याची मोठी किंमत मोजली. लिहिता-वाचता येणाऱ्यांच्या नावे जमिनी झाल्या आणि कसणारे वनवासी ठरले. कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या, १९४० मध्ये मोडून काढलेल्या उठावामागे हेही एक कारण होते. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना तेथील परिस्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले. त्यांच्या पुढाकाराने मारलवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. आपले म्हणणे आपल्याच माणसाला लिहिता आले पाहिजे, हा त्या प्रयत्नाचा आशय आजही तितकाच खरा आहे.

४. वाक्यातील कर्ता

आता तीन वाक्ये पाहा.

(अ) वसतिगृहात धक्काबुक्की झाली.
(आ) मला ढकलले गेले.
(इ) त्याने मला जिन्यावरून ढकलले.

पहिल्या वाक्यात ना कर्ता आहे, ना पीडित. दुसऱ्यात पीडित आहे, पण कर्ता नाही. तिसऱ्यात ‘त्याने’ हा तृतीया विभक्तीतील कर्ता उघडपणे उभा आहे. कार्यालयीन मराठीला पहिल्या दोन रचना प्रिय असतात, कारण त्या तटस्थ वाटतात. तक्रारीत मात्र ही तटस्थता कर्त्याला अदृश्य करते. कर्ता ठाऊक असेल तर त्याचे नाव लिहावे. ठाऊक नसेल तर ‘उंच, निळा सदरा घातलेला, तिसऱ्या मजल्यावर राहणारा मुलगा’ असे वर्णन द्यावे.

काळाची रूपेही जपून वापरावीत. ‘तो पैसे मागत असे’ ही रीत झाली. ‘त्याने सोमवारी रात्री जेवणानंतर पैसे मागितले’ ही घटना झाली. चौकशी घटनेची होते. प्रकार वारंवार घडला असेल, तर आठवतात तेवढे प्रसंग वेगवेगळे लिहावेत.

मराठीतील ‘म्हणे’ हा छोटासा शब्द येथे फार उपयोगाचा आहे. ‘त्याने धमकी दिली’ आणि ‘त्याने धमकी दिली म्हणे’ यांत स्वतः ऐकलेले आणि दुसऱ्याकडून कळलेले असा भेद आहे. बोलताना आपण तो सहज पाळतो. लिहिताना ‘म्हणे’ गळून पडते आणि ऐकीव गोष्ट पाहिलेल्या गोष्टीच्या पंक्तीला बसते. म्हणून तक्रारीत ‘हे मी स्वतः पाहिले’ आणि ‘हे मला मैत्रिणीने सांगितले’ असे दोन भाग स्पष्ट वेगळे करावेत. त्यामुळे तक्रार दुबळी होत नाही; विश्वासार्ह होते.

५. एका शब्दाचे मोल

शब्दाच्या अर्थछटेवर न्याय कसा हिंदकळतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एक अल्पवयीन आदिवासी मजूर मुलगी तिच्या भावाने दिलेल्या तक्रारीच्या संदर्भात आली होती. जबाब नोंदवून झाल्यावर ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने संमती आणि भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे यांत भेद करून त्यांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो निकाल फिरवला. मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, हा त्यामागील एक मुद्दा होता. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या तर्काला हरकत घेतली. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, हा अर्थभेद कायद्याने मान्य करण्यासाठी एवढा काळ जावा लागला.

६. कोठे, कशी नोंद करावी

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. योग्य कारण असल्यास समिती मुदत वाढवू शकते. २०१३ च्या अधिनियमात एक महत्त्वाची तरतूद आहे : तक्रारदार महिलेला लिहिणे शक्य नसेल, तर ते लिहून घेण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तर तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक आहे.

अंतर्गत चौकशी ही पोलीस कारवाईला पर्याय नसते. दखलपात्र गुन्हा असेल तर फिर्याद नोंदवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तोंडी खबर लिहून घेणे, ती खबर देणाऱ्याला वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे बंधनकारक आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. लातूरच्या वसतिगृहातून घाबरून किनवटला घरी परतलेली विद्यार्थिनी किनवटच्या ठाण्यातही फिर्याद देऊ शकते. ठाणे अंमलदाराने नोंद नाकारल्यास लेखी खबर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियमाच्या २०१५ च्या दुरुस्तीनेही सही घेण्यापूर्वी मजकूर वाचून दाखवणे हे लोकसेवकाचे कर्तव्य ठरवले आहे. जातीवरून अपमान झाला असेल, तर उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढेच लिहिल्यास मूळ शब्द पुराव्यातून निसटतात.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. ‘अर्ज’ दिल्यावर मिळते ती पोच. ‘फिर्याद’ नोंदवल्यावर मिळते ती गुन्हा नोंद क्रमांक असलेली प्रत. पोच हाती घेऊन ‘गुन्हा दाखल झाला’ अशा समजुतीत राहू नये.

७. शिस्तीची भाषा

शिस्तभंगाचा आरोप आदिवासी विद्यार्थ्यावरही येऊ शकतो. त्यालाही न्याय मिळाला पाहिजे. परीक्षेतील गैरप्रकाराच्या एका प्रकरणात विद्यार्थ्यांना म्हणणे मांडण्याची संधी न देता निकाल रद्द करणे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये अमान्य केले. आरोप कळवणे, बाजू ऐकणे आणि कारणे देऊन निर्णय करणे, ही न्याय्य शिस्तीची तीन अंगे होत.

‘आपणांविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सादर करावा’ हे वाक्य पाहा. ‘का येऊ नये’ या नकारार्थी प्रश्नात शिक्षा जणू ठरलेलीच आहे असे नवख्या वाचकाला वाटते, आणि तो खुलाशाऐवजी माफीनामा लिहून देतो. माफीनामा म्हणजे आरोपाची कबुली. अनेकदा पीडित विद्यार्थ्याकडूनही ‘आमच्यात समेट झाला आहे’ असे लिहून घेतले जाते. म्हणून न समजलेल्या कागदावर सही करू नये. वाचून दाखवण्याची व समजावून सांगण्याची मागणी करावी. नोटीस काढणाऱ्यानेही आरोप कोणता, घटना केव्हाची, उत्तर कोठे व किती दिवसांत द्यायचे, हे सोप्या मराठीत लिहावे.

८. सारांश

तक्रार ही एक भाषिक कृती आहे. ती सफल होण्यासाठी कर्ता, कृती, वेळ, स्थळ आणि माहितीचा स्रोत स्पष्ट हवा, आणि पोच हवी. बोलीतील निवेदन लेखी मराठीत आणताना शब्द सभ्य करण्याच्या नादात घटना पुसली जाऊ नये. तुम्ही मराठीचे पदवीधर व्हाल, तेव्हा गावातील, वसतिगृहातील कोणीतरी ‘एवढं लिहून द्या’ म्हणून तुमच्याकडे येईल. त्या वेळी लेखणी तुमची असली, तरी शब्द त्याचे राहू द्या. आणि सही घेण्यापूर्वी लिहिलेले त्याला वाचून दाखवा.

पारिभाषिक शब्द

दखलपात्र गुन्हा : ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना सुरू करू शकतात असा गुन्हा.
सकृद्दर्शनी : प्रथम पाहता, वरवरच्या पुराव्यावरून.
पोच : अर्ज मिळाल्याची तारीख-शिक्क्यासह नोंद.

सरावासाठी स्वाध्याय

१. ‘किरकोळ वाद झाला’ या वाक्यातून कोणती माहिती गळून पडते, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. तक्रार-लेखनात ‘म्हणे’ या शब्दाने व्यक्त होणाऱ्या भेदाचे महत्त्व सांगा.
३. क्षेत्रीय कार्य : तुमच्या महाविद्यालयातील एखादी सूचना किंवा नोटीस मिळवा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रथमवाचनात समजेल अशा मराठीत ती पुन्हा लिहा.