आयपीव्ही४ पत्ते बाजारातून घ्यायचे आहेत? पैसे देण्यापूर्वी हस्तांतरणाचे नियम समजून घ्या

लहान शहरात किंवा तालुक्याच्या गावी ब्रॉडबँड सेवा देणाऱ्या चालकाला एक अडचण हमखास येते. जोडण्या वाढतात, पण इंटरनेट पत्ते तेवढेच राहतात. मग एकच पत्ता शेकडो ग्राहकांमध्ये वाटून द्यावा लागतो. त्यातल्या एकाने फसवे मेल पाठवले, तर बंदी सगळ्यांवर येते. कोणाच्या दुकानाचा सीसीटीव्ही बाहेरगावाहून दिसत नाही. पोलिसांनी एखाद्या पत्त्याची माहिती मागितली, तर नेमका ग्राहक शोधायला पोर्ट क्रमांक आणि वेळेच्या नोंदी तपासत बसावे लागते.

अशा वेळी '२५६ पत्ते विकायचे आहेत' असा दलालाचा निरोप आला की मोह होतो. असा व्यवहार नियमात बसतो. मात्र दलालाच्या खात्यात पैसे गेले म्हणून पत्ते तुमचे होत नाहीत. नोंदणी संस्थेच्या नोंदीत तुमच्या संस्थेचे नाव लागेल, तेव्हाच ते तुमचे.

पत्ते कमी का पडले?

आयपीव्ही४ पद्धतीत एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते आहेत, म्हणजे माणशी एकही नाही. जगाचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. आशिया-प्रशांत क्षेत्राची नोंदणी संस्था एपनिक त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या शेवटच्या मोठ्या संचावर आली. हा संच म्हणजे १०३ ने सुरू होणारे पत्ते. तेव्हापासून तिथे रेशनिंग आहे. एपनिकच्या धोरणानुसार २०१९ पासून नव्या सदस्याला या साठ्यातून जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. भारतात हे काम निक्सी या संस्थेची इरिन ही राष्ट्रीय नोंदणी संस्था २०१२ पासून पाहते.

दुसरीकडे, इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात ज्यांनी मागितले त्यांना लाखो पत्ते मिळाले होते, आणि त्यातले बरेच पडून होते. २०११ मध्ये दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेल या कॅनडाच्या कंपनीने असे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टला ७५ लाख डॉलरना विकले, म्हणजे पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. विक्री न्यायालयाच्या मंजुरीने होत होती. तरीही उत्तर अमेरिकेची नोंदणी संस्था एरिन हिच्याशी मायक्रोसॉफ्टला करार करावा लागला. हे प्रकरण आजही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एवढ्या मोठ्या कंपनीलाही नोंदणी संस्थेला वगळून पुढे जाता आले नाही.

नियम काय सांगतात?

एपनिकने सदस्यांमधील हस्तांतरणाला २०१० मध्येच वाट करून दिली. पडून असलेले पत्ते वापरात यावेत आणि व्यवहार नोंदीत दिसावेत, हा त्यामागचा विचार. किंमत विक्रेता आणि खरेदीदार आपसांत ठरवतात, त्यात नोंदणी संस्था पडत नाही. ती पाहते ते वेगळे. विक्रेता हाच नोंदीतला सध्याचा धारक आहे का? त्या पत्त्यांवर काही वाद चालू आहे का? खरेदीदाराला ते खरोखर हवे आहेत का? त्यासाठी पुढील २४ महिन्यांत पत्ते कसे वापरणार याचा आराखडा खरेदीदाराला द्यावा लागतो. साठेबाजी रोखण्यासाठी हा नियम आहे, आणि तो योग्यच आहे असे म्हणावे लागेल.

एका वेळी किमान २५६ पत्त्यांचा संच हस्तांतरित होतो. १०३ ने सुरू होणारे पत्ते मात्र मूळ वाटपानंतर पाच वर्षे विकता येत नाहीत. रेशनचे धान्य काळ्या बाजारात जाऊ नये, तसाच हा प्रकार. दलालाने १०३ चा संच देऊ केला, तर वाटपाची तारीख आधी पाहा.

परदेशातील विक्रेता असेल, तर त्याच्या क्षेत्रातील नियमही लागू होतात. उत्तर अमेरिका, युरोप आणि लॅटिन अमेरिकेच्या नोंदणी संस्थांकडून एपनिकच्या क्षेत्रात हस्तांतरण होऊ शकते. आफ्रिकेच्या ॲफ्रिनिक संस्थेने बाहेरच्या क्षेत्रात हस्तांतरणाची मुभा अजून दिलेली नाही. तिथले पत्ते 'तुमच्या नावावर करून देतो' असे कोणी म्हणत असेल, तर तिथेच थांबा.

पैसे देण्यापूर्वी

समजा, पत्त्याला ३० डॉलर भाव ठरला. २५६ पत्त्यांचे ७,६८० डॉलर झाले. डॉलर ८५ रुपये धरला, तर सुमारे साडेसहा लाख रुपये. लहान चालकासाठी ही रक्कम थोडी नाही. म्हणून आधी इरिनकडे चौकशी करा. तुम्ही नवे सदस्य असाल आणि हक्काचे पत्ते अजून घेतले नसतील, तर बाजारात जाण्याआधी तो अर्ज करा. आधीच सदस्य असाल, तर हस्तांतरणाची प्रक्रिया, कागदपत्रे आणि शुल्क इरिनकडूनच विचारून घ्या, दलालाच्या सांगण्यावर जाऊ नका.

हूइज नोंदीत धारकाचे नाव कोणालाही पाहता येते. ते विक्रेत्याच्या कागदपत्रांवरील नावाशी जुळले पाहिजे. हे पत्ते स्पॅमच्या काळ्या यादीत आहेत का, हेही तपासा. तसा संच स्वस्त मिळतो, पण तुमच्या ग्राहकांचे मेल परत येऊ लागतात आणि यादीतून नाव काढायला महिने जातात. शक्य असल्यास रक्कम त्रयस्थाकडे ठेवा आणि नोंद बदलल्यावरच विक्रेत्याला मिळेल अशी अट करारात लिहा.

काही जण पत्ते भाड्यानेही देतात. त्यात नोंद मूळ धारकाच्याच नावावर राहते. त्याने उद्या पत्ते परत मागितले, तर तुमचे ग्राहक एका दिवसात बंद पडू शकतात. तात्पुरत्या गरजेपुरते हे ठीक, पण त्यावर गावाचे जाळे उभारणे धोक्याचे.

किती पत्ते घ्यायचे, याचा हिशोब आयपीव्ही६ सुरू केल्यावरच करा. दूरसंचार विभागाने त्यासाठीचा पहिला राष्ट्रीय आराखडा २०१० मध्ये काढला होता, आणि आयपीव्ही६ पत्त्यांना टंचाई नाही. मोबाइल आणि व्हिडिओची बरीच वाहतूक तिकडे वळली की सामायिक आयपीव्ही४ पत्त्यांवरचा भार उतरतो. मग स्वतंत्र पत्ता फक्त बँक शाखा, दवाखाना किंवा सीसीटीव्हीवाल्या ग्राहकालाच द्यावा लागतो. असे काही चालकांना एक संच पुरतो, जिथे आधी चार लागतील असे वाटत होते.

नोंद तुमच्या नावावर झाल्यावर एक काम उरते. त्या पत्त्यांसाठी जुन्या धारकाने काढलेली मार्ग-प्रमाणपत्रे रद्द झाली आहेत ना ते पाहा आणि स्वतःची नवी काढा. नाहीतर पत्ते तुमचे असूनही अनेक जाळी तुमची वाहतूक नाकारतील.