जुन्या गिलाव्याची नाडीपरीक्षा

नाडी न पाहतां औषध देणाऱ्या वैद्यास आपण दाराशीं उभें करणार नाहीं. परंतु जुन्या वाड्याचा गिलावा सुटूं लागला कीं, भिंतीची कांहींच परीक्षा न करतां 'सगळा खरवडून सिमेंट लावा' असें गवंड्यास सांगून आपण मोकळे होतों. आमच्या पुण्यांतील वडिलार्जित वाड्यांत हीच चूक झाली. तिसऱ्याच पावसाळ्यांत पश्चिमेच्या भिंतीवरील नवा गिलावा फुगून खालीं आला, आणि मागील विटा बोटांनीं चुरूं लागल्या.

याचें कारण उघड आहे. जुन्या वाड्यांच्या विटा मऊ व चुना सच्छिद्र. भिंतींत मुरलेली ओल चुन्यांतून हळूहळू बाहेर पडून वाळते. पोर्टलंड सिमेंटचें पेटंट इंग्लंडांत १८२४ सालीं घेतलें गेलें; तें घट्ट व ताठर. त्यास बारीक तडे जातात. तड्यांतून पाणी आंत शिरतें, पण सहजीं बाहेर येत नाहीं. पाण्यांतील खार मग विटेच्या पोटांतच गोठतो व तिला आंतून फोडतो.

म्हणून दुरुस्तीपूर्वीं पुढील गोष्टी अवश्य पाहाव्या. भर पावसांत भिंतीसमोर उभें राहून पाणी कोठून येतें तें पाहावें: फुटकी पन्हाळ, सरकलेलीं कौलें, कीं जोत्याशीं सांचलेलें डबकें? सकाळच्या तिरप्या उन्हांत फुगवटे स्पष्ट दिसतात. मग लांकडी मुठीनें हलकेच ठोकीत जावें. बद्द आवाज आला तर गिलावा सुटला आहे असें समजावें. भिंतीचा नकाशा काढून अशा जागा खडूनें व कागदावर खुणावाव्या. पांढरा खार, शेवाळ, पिंपळाचें रोप, पूर्वींचीं सिमेंटचीं ठिगळें यांचीही नोंद करावी. शेवटीं पडलेल्या गिलाव्याचा तुकडा जाणकाराकडे द्यावा. सौम्य आम्लांत चुना विरघळून वाळू व सुरखी तळाशीं राहते, त्यावरून जुन्या मिश्रणाचा अंदाज येतो.

घरांतील वडीलधाऱ्यांसही विचारावें. कोणती मोरी केव्हां बुजविली हें त्यांसच ठाऊक असतें. आमच्या भिंतीचें मूळ दुखणें अशाच एका बुजविलेल्या मोरींत निघालें!

पाण्याची वाट आधीं बंद करावी. घट्ट धरलेला गिलावा तसाच राखावा. सुटलेला तेवढाच काढून तेथें चुन्याचाच भरावा. पूर्वजांची भिंत पुष्कळ सोसते. तिची परीक्षा न करतां केलेली सेवा मात्र तिला सोसत नाहीं.