पट्ट्यावर पेललेला सूर

केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या तांब्याच्या तबकडीसोबत सुई आणि कार्ट्रिजही पाठवले होते, पण तबकडी फिरवायची सोय ज्याची त्याने करायची होती. मग परक्या श्रोत्याला वेग कसा सांगायचा? वेष्टनावर आकृती कोरून, हायड्रोजनच्या अणूतला एक सूक्ष्म कालावधी माप म्हणून धरून, एक फेरा 3.6 सेकंदांत व्हावा असे सांगितले आहे. एवढा खटाटोप करण्याचे कारण सरळ आहे. तबकडीवर स्वर कोरलेला नसतो, नागमोडी चर कोरलेली असते. त्या चरीचा स्वर होतो तो वेगामुळे. म्हणून लाखाच्या घरातले बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल पाहताना चकचकीत धातू आणि वजन बाजूला ठेवून आधी एकच विचारावे: हे यंत्र वेग किती स्थिर ठेवते? आपल्या संगीतासाठी तर हाच पहिला निकष आहे.

एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे 1.8 सेकंदांत एक. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत, समजा पांढरी एक आणि काळी एक यांत, कंपनसंख्येचा फरक जेमतेम सहा टक्के असतो. वेग कायमचा अर्धा टक्का चुकला तर बहुतेकांना कळणारही नाही, कारण षड्जासकट सगळेच सारखे सरकते. तोच वेग दर फेऱ्याला अर्धा टक्का वरखाली झाला तर मात्र सूर डुलू लागतो. ढोल-ताशात किंवा सिनेमाच्या भरगच्च वाद्यवृंदात हे डुलणे झाकले जाते. विलंबित ख्यालात झाकायला काहीच नसते: मागे तानपुऱ्याचा अखंड षड्ज, पुढे गायिकेने लांबवलेला गंधार. किशोरी आमोणकरांच्या भूपातली मींड जिथून निघून जिथे पोचते तो प्रवासच गाणे असतो, आणि त्यात यंत्राने स्वतःची मींड मिसळली तर दोष गाणाऱ्याच्या माथी जातो.

आता हे यंत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीत, उमरखेड तालुक्यात, ठेवले आहे असे समजा. गावाकडच्या विजेबद्दल पहिली तक्रार असते ती व्होल्टेजची. पण जुन्या पद्धतीच्या बेल्ट-ड्राइव्हमध्ये सिंक्रोनस मोटर असते, आणि तिचा वेग व्होल्टेजवर नव्हे, विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो. लाइनच्या टोकाला व्होल्टेज पडते. फ्रीक्वेन्सी ढाणकीत आणि दादरला एकच असते. त्यामुळे या बाबतीत खेड्यातला श्रोता शहरातल्या श्रोत्याहून कमनशिबी नाही. कमनशिबी होते ते सगळेच, 1990च्या दशकात. तेव्हा मागणी पुरवठ्याहून वाढली की ग्रिडची फ्रीक्वेन्सी 50 हर्ट्झवरून 48.5च्या खाली उतरणे नवलाचे नव्हते. हा फरक तीन टक्क्यांचा, म्हणजे अर्ध्या पट्टीचा: काळी एकमध्ये गायलेले गाणे ना काळी एकमध्ये, ना पांढरी एकमध्ये. गाण्याबरोबर पेटी धरणाऱ्याची पंचाईतच. आता ग्रिडसाठी 49.90 ते 50.05 हर्ट्झची मर्यादा आखलेली आहे. तरीही चांगल्या टर्नटेबलमध्ये क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर चालणारा स्वतंत्र वीजपुरवठा देतात, म्हणजे ग्रिडशी नातेच तुटते. माझ्या मते जास्तीचे पैसे सर्वात आधी इथेच जावेत.

मोटरचे चांगले-वाईट गुण तबकडीपर्यंत नेणारा दुवा म्हणजे पट्टा. पिठाच्या गिरणीत पट्टा मोटरची ताकद जात्याकडे पोचवतो; इथे ताकद नाममात्र लागते आणि पट्ट्याचे खरे काम अडवण्याचे आहे. मोटर थरथरते, तबकडी ठेवायची जड थाळी स्वतःच्या गतीत राहू पाहते, आणि मधले लवचीक रबर ती थरथर गिळते. एडगर विलचर यांनी 1961 साली अमेरिकेत आणलेल्या एआर टर्नटेबलमध्ये पट्टा होताच, शिवाय थाळी आणि टोनआर्म स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या एकाच चौकटीवर बसवले होते. किंमत माफक होती, आणि नंतरच्या कितीतरी महागड्या यंत्रांनी तीच कल्पना उचलली. मोटरवरच्या पुलीचे गणित मात्र निर्दय आहे. 50 हर्ट्झवर मिनिटाला 250 फेरे घेणारी मोटर आणि थाळीखाली 150 मिलिमीटर व्यासाचे चाक असेल, तर पुली 20 मिलिमीटरची हवी, तीही पट्ट्याची जाडी हिशेबात धरून. अशी पुली मध्यापासून जराशी सरकून बसली की सेकंदाला सुमारे चार वेळा सूर हलतो, आणि माणसाचा कान नेमका याच गतीच्या हलण्याला सर्वात तिखट असतो. म्हणून पुली कोरणाऱ्या लेथची अचूकता दर्शनी लाकडाहून मोलाची. बेअरिंगचेही तसेच. काशाच्या नळीत पोलादी दांडा, तळाशी एक गोळी आणि तेलाचा पातळ थर, एवढाच सरंजाम. पण घासल्याचा आवाज सुईला ऐकू गेला की पुढचा अॅम्प्लिफायर तो इमानाने मोठा करतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तेल पातळ होते, रबर सैलावते. इथल्या खोलीत यंत्र ठेवणाऱ्याने तेल आणि पट्टा वेळेवर बदलणे हा देखभालीचा नव्हे, सुराचा भाग मानावा.

यावर जाणकार म्हणतील, मग डायरेक्ट-ड्राइव्हच का नको? टेक्निक्स कंपनीने 1970च्या सुमारास मोटर थेट थाळीखाली बसवली आणि वेगाच्या आकड्यांत बहुतेक पट्टेवाल्यांना मागे टाकले. हे खरे आहे, आणि पट्टाच श्रेष्ठ असे मानणे ही भाबडी श्रद्धा आहे. फरक इतकाच, की डायरेक्ट-ड्राइव्हला मोटर आणि तिला सावरणारी इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही उत्तम लागतात, तर पट्ट्याला चांगला लेथ आणि थोडा संयम पुरतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: तबकडीचे भोकच मध्यापासून सरकलेले असेल तर? अर्धा मिलिमीटर सरकले तर 100 मिलिमीटर त्रिज्येवर वेग अर्धा टक्का इकडे, अर्धा टक्का तिकडे होतो. दहा किलोची थाळीही हे दुरुस्त करू शकत नाही. नाकामिचीने 1980च्या दशकात तबकडी आपोआप मध्यावर आणणारे यंत्र काढले होते, पण ती वाट फारशी कोणी धरली नाही. तिसरा आक्षेप डिजिटलचा. तिथे असे डुलणे जवळपास शून्य असते. मोजमापात डिजिटल जिंकते, त्यावर वाद नको. पण जुने मराठी गाणे पुष्कळदा फक्त तबकडीवरच उरले आहे. ते संगणकात उतरवायचे तर आधी टर्नटेबलवरच लावावे लागते, आणि त्या वेळी डुललेला सूर फाइलमध्येही तसाच डुलत राहतो.

यंत्र घ्यायला जाल तेव्हा एक सावधगिरी बाळगा. दुकानदार 180 रेषांची स्ट्रोब चकती ट्यूबलाइटखाली फिरवून रेषा स्थिर दाखवतील. दिवा आणि मोटर दोघेही त्याच ग्रिडवर चालत असतील तर ग्रिड चुकले तरी रेषा स्थिरच दिसतात. त्यापेक्षा 3150 हर्ट्झचा चाचणी-सूर असलेली तबकडी लावून फ्रीक्वेन्सी मोबाइलवर मोजा, आणि मग तानपुरा स्पष्ट ऐकू येणारी एखादी ख्यालाची एलपी शेवटपर्यंत ऐका.